मोठीचं टोपडं

देवाशी मी अबोला धरला होता, हे आमच्या घरात फक्त सासूबाईंना कळलं होतं. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसरा महिना सरता सरता सगळं संपलं. पहिल्या वेळी मी रडले, नवस बोलले, सोमवार धरले. दुसऱ्या वेळी दवाखान्यातून घरी आले, संध्याकाळी दिवा लावायला देवापुढे बसले आणि काडी पेटवावीशीच वाटेना. उठले आणि मेथी निवडत बसले. सासूबाईंनी ते पाहिलं. त्या दिवसापासून सांजवातीची वेळ झाली की त्या स्वतःच पुढे व्हायच्या आणि मला म्हणायच्या, ‘तू भात बघ वं.’ माझ्या रुसण्यावर त्यांनी असं गुपचूप पांघरूण घातलं. मी तशी नाकावर राग असलेली बाई. माणसांशी भांडून मोकळी होते. देवाशी भांडायचं कसं ते काही मला जमेना, म्हणून बोलणंच टाकलं.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट आहे. नागपुरात सक्करदऱ्याच्या बाजूला दोन खोल्यांचं आमचं घर होतं. घरात आम्ही तिघंच: सासूबाई, मी आणि हे. हे हिंगण्याच्या एका कारखान्यात पाळीवर होते, कंपनीच्या बसने जायचे-यायचे. माझं माहेर सावनेरचं. तिसऱ्यांदा मला दिवस राहिले तेव्हा ऊन नुसतं भाजून काढत होतं. मी कोणाला सांगितलं नाही, माहेरीही कळवलं नाही. तिसरा महिना जीव मुठीत धरून काढला. तो पार पडला, आणि मग पोट असं काही वाढायला लागलं की लपवायची सोयच उरली नाही. चौथ्यात मी सहाव्यातली दिसत होते.

सासूबाईंनी एक दिवस मला उभं केलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि निकाल देऊन टाकला, ‘जुळं आहे.’ त्यांच्या एका मावशीला जुळं झालेलं होतं, तेवढा पुरावा त्यांना पुरला. आठ दिवसांत ही बातमी गल्लीच्या टोकापर्यंत गेली. नळावर बायका मला चिडवायच्या, एक तुझ्यावर गेलं आणि एक सासूवर गेलं तर पोराचा बाप घर सोडून पळेल म्हणायच्या. सासूबाईंनी आपलं एक जुनं मऊ पातळ फाडलं आणि टोपडी शिवायला घेतली. दोन. एकाच कापडाची, एकाच मापाची, कडेला लाल दोरा. ‘आपल्या घरी महालक्ष्म्या दरसाल दोघी येतात, या साली पोटातूनच येऊन राहिल्या,’ असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मी हसायचे. त्यांचा तो आनंद पाहून मलाही हळूहळू खरं वाटायला लागलं होतं.

पण एका बाजूला दुखायचं. उजवीकडे, खाली, हात लावला तर टणक लागायचं. ह्यांनी मला एका डॉक्टरांकडे नेलं. तेव्हा पोटातलं पडद्यावर दाखवणारी यंत्रं आमच्याकडे आली नव्हती. डॉक्टरांचे हात आणि कान हेच काय ते यंत्र. त्यांनी तपासलं, आणखी एका सर्जनना बोलावलं, त्यांनीही तपासलं. मग आम्हाला दोघांना समोर बसवून सांगितलं की मूल एकच आहे. दुसरी आहे ती गर्भाशयाची गाठ, आणि ती मोठी आहे. सर्जन शांतपणे बोलत होते. गाठ मुलाला जागा देणार नाही, पोट कधी दगा देईल सांगता येत नाही, आधीची दोन त्यापायीच गेली असतील, तेव्हा आताच उघडून गाठ काढून टाकू असं त्यांचं मत पडलं. मी विचारलं, ‘आणि मूल?’ ते म्हणाले, ‘राहिलं तर राहिलं. आधी तुम्ही.’ त्यात त्यांचा वाईट हेतू नव्हता हे मला आजही मान्य आहे. पण मी लगेच खुर्चीवरून उठले.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, ‘तू म्हणशील तसं करू.’ मला ह्यांचा रागच आला, कारण मला काहीच म्हणता येत नव्हतं. काढावी तर मूल जाणार, ठेवावी तर मूल जाणार, आणि कोण जाणे मीही. महालक्ष्म्या आठवड्यावर आल्या होत्या. ह्यांनीच तोड काढली, ‘सण होऊन जाऊ दे. मंग आईले सांगू, मंग दवाखाना.’ सर्जननीही सणानंतरचा दिवस दिला. घरी आलो तेव्हा सासूबाई उंबऱ्यात बसून दुसऱ्या टोपड्याला बंद लावत होत्या. त्यांनी विचारलं, ‘काय म्हणे डॉक्टर?’ आणि ह्यांनी सांगितलं, ‘सारं ठीक आहे.’ मी आत जाऊन तांदूळ निवडत बसले. निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडले.

आमच्याकडच्या महालक्ष्म्या ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी थोडं सांगते. भाद्रपदात गणपतीच्या मागोमाग या दोघी बहिणी माहेरपणाला येतात, तीन दिवस राहतात. मोठी ज्येष्ठा, लहान कनिष्ठा. आमच्या घरी पत्र्याच्या उभ्या कोठ्या होत्या, त्यांचं आतून पोकळ असलेलं पोट धान्याने भरायचं, वर पातळ नेसवायचं, पितळी मुखवटे ठेवायचे, पुढे त्यांची दोन बाळं बसवायची. मोठीच्या पोटात गहू, लहानीच्या पोटात तांदूळ. पोट भरायचं काम घरच्या सुनेचं. त्या वर्षी मी एक-एक ओंजळ गहू आत सोडत होते आणि गव्हाचा तो आवाज ऐकत होते. मनात आलं, हिचं पोट भरायला मी आहे, माझं रितं करायला डॉक्टर बसले आहेत. मी काही मागितलं नाही. मागायचं असतं तर आधी बोलायला लागलं असतं.

सासूबाई शेजारी फुलोऱ्याच्या करंज्या दोऱ्यात ओवत होत्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, ‘आई, ही मोठी म्हणजे तीच ना, जिला कोणी घरात घेत नव्हतं?’

‘हो ना,’ त्या म्हणाल्या. ‘जिथे जाय तिथे भांडण, दळिदर. सारे तिले भेत. मंग लहानीनं म्हटलं, माह्या बहिणीले बाहेर ठेवाल तर मी बी येत नाही. म्हणून दोघीले आणा लागते. एकटी लहानी कोणाच्या घरी येत नाही.’ एवढं सांगून त्यांनी करंज्यांची माळ उचलून पाहिली आणि एक करंजी फुटली म्हणून कुरकुर केली. मीही पुढचे गहू घेतले.

दुसरा दिवस पूजेचा. आमच्या घरची एक रीत होती, ती मी दुसऱ्या कोणाकडे पाहिली नाही. नैवेद्य दाखवला की मोठीच्या नावाने एक सवाष्ण जेवायला बसवायची, आणि ती जेवून विडा घेईपर्यंत तिला नाव-गाव काही विचारायचं नाही. ओळखीची असली तरी त्या वेळेपुरती अनोळखी धरायची. ती त्या वेळी मोठीच असते, आणि देवीला कोणाची कोण असं विचारत नाहीत, असं सासूबाईंच्या सासूने घालून दिलं होतं. दरवर्षी गल्लीतल्या एक काकू या पानावर बसत. त्या दिवशी सकाळीच त्यांच्याकडे सुतक आल्याचा निरोप आला. बाकी सगळ्या बायका आपापल्या घरच्या महालक्ष्म्यांत गुंतलेल्या. ह्यांची पहिली पाळी; कारखान्याने सुट्टी दिली नव्हती. सोळा भाज्या, पुरण, कढी, आंबील, सगळं सासूबाईंनी सोवळ्यात एकटीने रांधलं होतं. मला त्यांनी चुलीजवळ येऊ दिलं नाही, आणि सोवळ्यामुळे स्वतःलाही शिवू दिलं नाही. आरती झाली आणि त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. पहिली जी सवाष्ण रस्त्याने जाईल ती आपली, असं त्यांनी ठरवून टाकलं.

बारीक पाऊस पडत होता. थोड्या वेळाने एक बाई लहान मुलीचा हात धरून, घरांकडे पाहत पाहत येताना दिसली. हातात पिशवी, पायाला चिखल, हिरव्या बांगड्या, मनगटावर भाजल्याचा जुना डाग. ती बहिणीचं घर शोधत होती आणि ते सापडत नव्हतं. सासूबाईंनी तिला पुढे बोलूच दिलं नाही. ‘आधी जेव. मंग घर सापडते,’ म्हणून हात धरून आत आणलं. तिनेही आढेवेढे घेतले नाहीत. पाय धुतले, पदर सारखा केला, महालक्ष्म्यांना वाकून नमस्कार केला आणि मोठीसमोरच्या पानावर बसली. तिच्या मुलीसाठी शेजारी छोटं पान मांडलं. मुलगी धीट होती. आईची वाट न पाहता तिने पुरणपोळीचा तुकडा मोडला आणि दोन्ही हातांनी तोंडात कोंबला.

मी वाढायला वाकले आणि पोटात अशी कळ उठली की तुपाची वाटी हातातून सुटली. आधी दुखायचं ते वेगळं आणि हे वेगळं. मी भिंतीला धरून खाली बसले. अंग तापलं होतं ते सकाळपासून जाणवत होतं, पण सणाचा दिवस म्हणून मी दडवलं होतं. आता थंडी भरून दातावर दात आपटायला लागले. सासूबाई धावल्या. सोवळं-ओवळं विसरून त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणायला लागल्या, ‘माह्या पोरीले काय झालं, जुळ्याचा भार सोसत नाही तिले.’ तो शब्द ऐकला आणि माझ्याने राहवलं नाही.

‘आई, जुळं नाही. मूल एकच आहे. दुसरी गाठ आहे. डॉक्टर काढून टाका म्हणतात.’

 त्यांचा माझ्या केसांवरून फिरणारा हात तसाच थांबला. मला वाटलं, आता ह्या रडतील, किंवा इतके दिवस लपवलं म्हणून बोलतील. त्यांच्या दोन टोपड्यांचं आता काय, हा वेडा विचार तशा दुखण्यातही माझ्या मनात आला आणि मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात पानावर बसलेली बाई बोलली, अगदी रोजच्या आवाजात.

‘गाठ होय? मले होती ना. हे पोरगी गाठीसोबतच वाढली पोटात.’

आम्ही दोघींनी त्या मुलीकडे पाहिलं. तिच्या गालाला पुरण लागलं होतं आणि आपल्याविषयी काही चाललंय याचा तिला पत्ता नव्हता. बाई उठून माझ्याजवळ आली. तिच्या गावी, कुहीकडे, धान लावताना तिलाही असंच दुखलं होतं, असाच ताप आला होता, सगळ्यांनी आशा सोडली होती. मग नवऱ्याने तिला नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आणलं. ‘तिथच्या डॉक्टरीणबाईनं म्हटलं, गाठीले हात नको लावू, पडून राह्य. मी पडून राह्यली. बस. तुम्ही हिले तिथे न्या न माय. आत्ताच न्या.’ तिने याहून जास्त काही सांगितलं नाही. वैद्यकीचं तिला काही येत नव्हतं, तिच्यावर जे गुजरलं तेवढंच तिने सांगितलं.

आता अडचण अशी की महालक्ष्म्या घरात असताना घराला कुलूप घालत नाहीत आणि त्यांच्यापुढचा दिवा विझू देत नाहीत. सासूबाईंनी लग्न झाल्यापासून हे कधी मोडलं नव्हतं. त्या एकदा दिव्याकडे पाहत, एकदा माझ्याकडे. बाईने ते ओळखलं. ‘तुम्ही जा. मी बसतो दिव्यापाशी. नाही विझू देत मी तुमचा दिवा.’ सासूबाई म्हणाल्या, ‘तू जेवली नाही वं अजून.’ ती म्हणाली, ‘जेवतो न मी. तुम्ही निघा.’

सासूबाई फार हिशेबी बाई होत्या. शेजारीण साखर न्यायला आली तरी तिच्यावर नजर ठेवायच्या. अशा सासूबाईंनी त्या दिवशी चांदीची भांडी, अंगावर दागिने घातलेल्या महालक्ष्म्या आणि सताड उघडं घर एका अशा बाईच्या हवाली केलं जिचं नावसुद्धा त्यांना विचारायचं नव्हतं. उंबऱ्यावरून त्या वळल्या, मुखवट्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘येतो वं मी. सांभाळा.’ ते त्यांनी कोणाला म्हटलं, बाईला की देवींना, ते मला कळलं नाही. मग त्या सोवळ्याच्या लुगड्यातच, माझं डोकं खांद्यावर घेऊन सायकलरिक्षात बसल्या. वाटेत पाऊस वाढला. त्यांनी आपला पदर माझ्या पोटावर धरला होता.

दवाखान्यात आम्हाला भेटल्या त्या डॉक्टरबाई मध्यम वयाच्या, तुटक बोलणाऱ्या होत्या. त्यांनी पोट चाचपलं, लाकडी नळी लावून बराच वेळ ऐकलं. तेवढा वेळ मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. मग त्या म्हणाल्या, ‘मूल ठीक आहे. दुखते आहे ती गाठ, मूल नाही. गाठ सुजली आहे, म्हणून ताप. उतरेल.’ मी त्यांना सर्जनचं मत सांगितलं. त्यांनी मान हलवली. ‘आत्ता काढायला गेलं तर रक्त आवरणार नाही, आणि तिच्यापाठोपाठ मूलही जाईल. ती आहे तिथे राहू द्या. तुम्ही फक्त पडून राहायचं. पुढे ती आडवी आली तर पोट उघडून मूल काढू. ते तेव्हा पाहू.’ सासूबाई पायथ्याशी उभ्या होत्या. 

‘तेच म्हणतो मी,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘मोठीले बाहेर काढून लहानी राहील काय.’

डॉक्टरबाईंना त्यातलं काही समजलं नसणार. मला समजलं, आणि मी पांघरूण तोंडावर ओढून खूप रडले. दोन वर्षांत मी अशी रडले नव्हते. इतके दिवस मी त्या गाठीचा द्वेष करत होते, तिला शिव्या देत होते, आणि माझ्या निरक्षर सासूने ऐकल्यापासून दोन घटकांत तिला नाव देऊन घरात घेतलं होतं.

पाळी संपल्यावर हे घरी गेले, तेव्हा दार उघडं, दिवा तेवत होता. पानं उचललेली, सांडलेलं तूप पुसलेलं, उरलेला स्वयंपाक झाकून ठेवलेला. बाई दिव्यापाशी बसली होती, मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती. तिने ह्यांना निरोप सांगितला, तुमची बायको अमक्या दवाखान्यात आहे, तुमचं घर सांभाळा, मी निघते. ह्यांना घरची रीत माहीत होती, आणि तिने अजून विडा घेतला नव्हता, म्हणून ह्यांनीही नाव विचारलं नाही. शेजारच्या मुलाला दिव्यापाशी बसवून हे दवाखान्यात आले. नंतर सासूबाईंनी चौकशी केली. मागच्या गल्लीत कुहीकडचं एक कुटुंब राहत होतं खरं, पण ते उन्हाळ्यातच घर बदलून गेलं होतं. कुठे, ते कोणाला ठाऊक नव्हतं. तिला बहिणीचं घर का सापडत नव्हतं ते यावरून उलगडलं. बाकी काही उलगडलं नाही. सासूबाई शेवटपर्यंत म्हणत राहिल्या की मोठीच येऊन गेली. मी वाद घातला नाही. तिच्या टाचांना चिखल होता आणि मनगटावर भाजल्याचा डाग होता, हे मी पाहिलं होतं. देवी आली तर ती चिखलातून चालत येणारच नाही, असंही मी म्हणू शकत नाही.

ताप उतरला, मला घरी सोडलं. सर्जनकडे आम्ही गेलो नाही. मग सुरू झालं ते पडून राहणं. माझ्यासारख्या बाईला यापेक्षा कठीण शिक्षा नव्हती. मी आयुष्यभर हात चालवून संकटं हटवलेली, आणि इथे काही न करणं हेच काम होतं. खिडकीतून गल्ली दिसायची, तीही अर्धी. सासूबाई मोठीच्या पोटातल्या गव्हाच्या पोळ्या करून मला भरवायच्या. रोज सकाळी अंघोळ झाली की त्या माझ्याजवळ बसत. डॉक्टरबाईंनी त्यांना गाठ कुठे आहे आणि मूल कुठे ते दाखवलं होतं. त्या उजवीकडे हात ठेवून म्हणत, ‘ही मोठी.’ डावीकडे ठेवून म्हणत, ‘ही लहानी.’ मग दोघींना मिळून सांगत, ‘भांडू नका वं. जागा कमी आहे, सरकून घ्या.’ सुरुवातीला मला हसू यायचं, मग अवघडल्यासारखं व्हायचं. काही दिवसांनी मीच सकाळी त्यांच्या हाताची वाट पाहायला लागले. मी प्रार्थना करत नव्हते, पण त्यांचं ते बोलणं ऐकत होते. आज वाटतं, ज्याला स्वतः मागता येत नाही त्याच्यासाठी दुसरं कोणीतरी मागत असतं, आणि तेवढ्यावरही चालतं.

भीती गेली नव्हती. आठव्यात तपासायला गेले तेव्हा डॉक्टरबाईंच्या कपाळाला आठी पडली. गाठ खालीच होती, वाट अडवून. ‘अशीच राहिली तर पोट उघडायला लागेल, आणि गाठीमुळे रक्त जास्त जाईल,’ त्यांनी स्पष्ट सांगितलं. घरी येऊन मी सासूबाईंना ते जसंच्या तसं सांगितलं. आता आमच्यात लपवाछपवी नव्हती. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उजवीकडे हात ठेवून त्या नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बसल्या. तोंडाने काही म्हणाल्या नाहीत. त्या दिवशी मीच मनात म्हणाले, तू राहा, तुला कोणी काढत नाही, फक्त हिला वाट दे. कोणाशी बोलले, गाठीशी की देवीशी, ते तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

नववा लागला. डॉक्टरबाईंनी पोट चाचपलं, पुन्हा चाचपलं. मग म्हणाल्या, ‘वर सरकली आहे. पिशवी वाढली की कधी कधी गाठ वर ओढली जाते. वाट मोकळी आहे.’ त्यांना त्यात नवल वाटलं नाही, होतं असं कधी कधी, एवढंच. मला तेवढंही पुरेसं होतं. ते ‘कधी कधी’ माझ्या वाट्याला आलं होतं.

पौषातल्या कडाक्याच्या थंडीत, सकाळी, मला मुलगी झाली. तिचा आवाज ऐकला आणि लगेच डॉक्टरबाईंचा आवाज बदललेला ऐकला. रक्त थांबत नव्हतं. त्या माझं पोट दोन्ही हातांनी दाबत होत्या, नर्स धावत होत्या, आणि मला सगळं लांबून दिसल्यासारखं दिसत होतं. बाहेर ह्यांच्याकडे रक्त मागितलं. तेवढ्यात ह्यांना विचारपूस करायला कारखान्यातले सोबती रात्रपाळी सुटल्यावर तसेच खाकी कपड्यांत आले होते. त्यांनी काही न विचारता बाह्या वर केल्या. दुपारपर्यंत रक्त थांबलं. हे सोबती कोण जातीचे, कोण धर्माचे, याची उठाठेव सासूबाईंनी एकदाही केली नाही. त्यांचं रक्त आजही माझ्या अंगात आहे आणि त्यांच्या मुलाबाळांचं मी रोज भलं चिंतते.

घरी आल्यावर सासूबाईंनी ट्रंकेतून एक टोपडं काढून नातीच्या डोक्यावर बांधलं. दुसऱ्याचं काय केलं ते मी विचारलं नाही.  ते ट्रंकेच्या तळाशी असेल आणि त्या ते कधीतरी कोणाला देऊन टाकतील, असं मी धरून चालले होते. गाठ पुढे आपोआप लहान होत गेली आणि तिने मला पुन्हा त्रास दिला नाही.

पुढच्या भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. मांडीवर लेक घेऊन मी कोठ्यांत धान्य भरलं. गव्हात हात घालायला मिळाला म्हणून ती खिदळत होती. मुखवटे चढले, पातळं नेसवली, पुढे दोन बाळं बसली. सासूबाई ट्रंकेपाशी गेल्या, पदराआड काहीतरी घेऊन आल्या आणि मोठीच्या बाळाच्या डोक्यावर त्यांनी ते टोपडं बांधलं. तेच, लाल दोऱ्याचं. मला म्हणाल्या, ‘हे मोठीचं होतं. मी दोन शिवले ते काही चुकलं नाही.’ मग दिवा तेल-वात घालून तयार केला आणि सवयीने स्वतःच काडी पेटवायला वाकल्या.

मी त्यांच्या हातातून काडेपेटी घेतली. त्या बाजूला सरकल्या. दिवा लागल्यावर मी आधी मोठीपुढे डोकं टेकलं. खूप दिवसांनी बोलत होते, म्हणून शब्द सुचत नव्हते. एवढंच म्हणाले, ‘सरकून घेतलंस, माय.’

सासूबाई जाऊन आता खूप वर्षं झाली. मोठीच्या पानावर मी कोणाला आगाऊ बोलवत नाही. नैवेद्य झाला की दारात जाऊन उभी राहते, आणि जी येईल तिला, नाव न विचारता, आत घेते.